मोठ्या टाकीचा उपवास

मी पेट्रोलची टाकी बोलते आहे. पोटाखेरीज मला दुसरा अवयव नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात पोटाचाच विषय अधिक आला तर तो विधात्याचा दोष मानावा.

माझा जन्म एका कारखान्यात दोन पत्रे दाबून झाला. पहिला संसार मी एका लाकूड कंपनीच्या तपासनिसाच्या मोटारसायकलवर केला. तो गृहस्थ सुलावेसी बेटावरच्या अरण्यात झाडे मोजीत हिंडे. तो मोजून गेला की झाडे नाहीशी होत, इतकी त्याची मोजणी प्रभावी होती. पुढे अरण्य संपले, कंपनी गेली, आणि मी पारिगी गावच्या भंगारवाल्याकडे येऊन पडले. तेथे एक कोंबडी माझ्यावर रात्रीची झोप घेई. तिच्याइतके निरपेक्ष प्रेम मला नंतर कोणी दिले नाही.

तेथून मला पुतु अर्सना याने उचलले. पुतु हा बालीहून इकडे वसायला आलेल्या मांगकू केर्तियांचा थोरला मुलगा. मांगकू म्हणजे देवळातले पुजारी. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला म्हातारेबुवा पांढरी वस्त्रे नेसून, डोक्याला पांढरा फेटा गुंडाळून, घाट ओलांडून पलीकडच्या वसाहतीतल्या देवळात पूजेला जात. गाडी त्यांच्या तारुण्यातली. तिची मूळची टाकी पसाभर. अर्ध्या वाटेतच ती कोरडी पडे, आणि घाटातल्या दुकानातून बाटलीचे पेट्रोल घ्यावे लागे. बापाचे हाल पुत्राला पाहवेनात, म्हणून माझी नेमणूक झाली.

नेमणूक म्हणजे काय सांगू! मिस्त्रीने गाडीच्या सांगाड्याला नवे कान जोडले, बैठक वीतभर कापली आणि उरलेले काम हातोड्याने केले. नेमका दुसरा दिवस लोखंडाच्या पूजेचा होता. घरातले विळे, कोयते, कुदळी यांच्यासोबत मलाही पिवळे-पांढरे वस्त्र गुंडाळले, ताडाच्या पानांच्या परडीतून फुले वाहिली, तीर्थ शिंपडले, ओल्या तांदळाचे दाणे कपाळी चिकटवले. मांगकू माझ्यासमोर हात जोडून बसले होते. देहाभिमान वाईट, हे मला ठाऊक आहे. पण साक्षात पुजारी आपल्या पोटाला वंदन करतो आहे म्हटल्यावर मी तरी काय करणार?

पूजा आटोपल्यावर पुतु माझ्यावर थाप मारून म्हणाला, "आता एका दमात पलीकडे जाल, बापा. घाटात कुणाच्या दारात उभं राहायला नको."

मांगकू म्हणाले, "बरं झालं." आणि फुलांची परडी उगाच डावीकडून उजवीकडे ठेवू लागले.

त्या 'बरं झालं'चा अर्थ मला खालच्या इंजिनाने सांगितला. इंजिन जुने, सेवा मोठी, आणि जुन्या सेवकांप्रमाणे धन्याच्या घरातले सगळे त्याला ठाऊक. घाटातले ते दुकान मांगकूंच्या धाकट्या मुलीचे, लुह कर्मिनीचे. तिने दुसऱ्या धर्माच्या एका कोळ्याशी लग्न केले. सासरी जाण्यापूर्वी ती रीतीप्रमाणे घरच्या देव्हाऱ्यापुढे पितरांचा निरोप घ्यायला आली, तेव्हा पितर सगळे हजर होते. फक्त वडील शेतात निघून गेले. त्या दिवसापासून बापलेकीचे बोलणे बंद. मात्र गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे बोलणे चालू. "दोन बाटल्या." "घाटावर धुकं आहे, दिवा लावून जा, मांगकू." "बाळ चालतं का?" "धावतं." एवढे बोलून होईपर्यंत बाटल्या रिकाम्या होत. लुह बाटली फार तिरकी धरीत नसे. पेट्रोल धारेने न पडता तारेने पडे, असे इंजिन म्हणाले.

सकल जनांवर तीर्थ शिंपडणारा हा सत्पुरुष स्वतःच्या लेकीपाशी थांबायला पेट्रोलचा आडोसा घेत होता. आणि तो आडोसा काढून घेण्यासाठी मला कापून, ठोकून, पूजून बसवले होते. माझी कारकीर्द किती मंगल, ते पहा.

त्यानंतरच्या पौर्णिमेला पुतुने मला काठोकाठ भरले. घाटातल्या वळणावर चिंचेखाली ते दुकान दिसले. गाडीचा आवाज ओळखून लुह आधीच दोन बाटल्या आणि नरसाळे घेऊन उभी होती. मांगकूंचा हात सैल पडला, गाडी मंदावली, थांबली.

"नवी टाकी?" लुहने विचारले.

"मोठी आहे."

"मग लागत नसेल."

"नाही लागत."

यावर जगातला कोणताही व्यापार संपतो. आम्ही पुढे निघालो. मी तुडुंब भरलेली असल्यामुळे मला फार काही जाणवले नाही. भरल्या पोटी कोणाला काय जाणवते?

त्यानंतर माझा उपवास सुरू झाला. मांगकूंनी पुतुला सांगितले की यापुढे पेट्रोल मीच घालीत जाईन. ते जुन्या टाकीच्या मापाने, लुहच्या दारापर्यंत पुरेल एवढेच माझ्यात ओतू लागले. व्रतस्थ माणूस, पण व्रत माझ्याकडून करून घेत होता. अमावास्येला आधीचा शिल्लक साठा होता म्हणून आम्ही कसेबसे दारापर्यंत पोचलो. लुह आश्चर्याने म्हणाली, "एवढी मोठी टाकी, इतक्यात संपली?" त्यावर हा देवाचा पुजारी, डोक्याला फेटा, कानावर जास्वंदीचे फूल, शांतपणे म्हणाला, "गळते बहुतेक."

मी आजवर एक थेंब गाळलेला नाही. माझ्या चारित्र्यावर हा डाग पुजाऱ्याच्या मुखाने पडला. बाटल्या मात्र नेहमीच्या संथ तारेने रिकाम्या झाल्या, आणि परतताना म्हातारा गाडीवर गुणगुणत होता.

पुढच्या पौर्णिमेला फजिती झाली. माझ्या देहरचनेत एक गोम आहे. गाडीच्या पाठीच्या कण्यावर मी खोगिरासारखी बसते, त्यामुळे मला दोन कुशी आहेत. इंजिनाला पेट्रोल पाजणारी तोटी मात्र एकट्या डाव्या कुशीला. पोट भरलेले असेल तर सगळे एक. पोट रिकामे झाले की उजवीकडचे उजवीकडेच राहते. बाहेर दिसायला एक आणि आत तळाशी दोन, हा प्रकार माणसांना नवा नसावा. पण मांगकूंचे त्याकडे लक्ष नव्हते. दुकान एका वळणावर राहिले असताना गाडी आचके देऊन थांबली.

भर दुपारी, अंगावर पूजेची पांढरी वस्त्रे, आणि म्हातारा चढावर गाडी ढकलतो आहे. खालून नारळांचा एक ट्रक आला. चालकाने थांबून डबा पुढे केला. मांगकूंनी आभार मानले आणि नको म्हणून सांगितले. चालकाने पुन्हा आग्रह केला. यांनी पुन्हा नम्रपणे नको म्हटले. त्याने डोके खाजवले आणि तो वर निघून गेला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की या भक्ताला पेट्रोल नव्हे, एका ठरावीक हातचेच पेट्रोल हवे होते!

थोड्या वेळाने वळणावरून लुह खाली आली. हातात एक बाटली. तिने बाटली दगडावर ठेवली, गाडीची मूठ धरली आणि मला डावीकडे पुरते कलते केले. उजव्या कुशीतले पेट्रोल कण्यावरून खळखळत इकडे आले. ते सगळ्यांनी ऐकले.

"आहे की यात," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या टाकीत एवढंसं घालून कोण निघतं, बापा?"

"विसरलो."

"घरून विसरलात. आणि ट्रकवाल्याचं घ्यायलाही विसरलात? वर येऊन सांगितलं त्यानं मला. तुझा म्हातारा खाली उन्हात उभा आहे, म्हणाला, आणि माझं पेट्रोल घेत नाही."

मांगकू माझ्याकडे पाहू लागले. गळतीचा आळ पुन्हा येतो की काय, म्हणून मी धसकले. पण त्यांनी फेटा कपाळावरून वर सरकवला.

लुहने आपल्या गळ्यातल्या पंच्याने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"पुढल्या वेळी टाकी भरून या," ती म्हणाली. "रिकाम्या टाकीचं गिऱ्हाईक नुसतं उभं राहतं. भरलेली असली म्हणजे कॉफी होईपर्यंत बसता येतं."

त्या दिवशी पलीकडच्या देवळातली पूजा उशिरा सुरू झाली. देवाची तक्रार आल्याचे ऐकिवात नाही.

आता मी काठोकाठ भरलेली असते. तरीही चिंचेखाली गाडी थांबते, इंजिन गार पडते, आणि तिथे माझे झाकण कोणी उघडत नाही. आतून कपांचा आवाज येतो. लुहचे पोर येऊन माझ्यावर चढून बसते आणि तोंडाने गाडी चालवते. लुहचे एक हुकमी गिऱ्हाईक मात्र कायमचे बुडाले. एका दमात घाट ओलांडण्यासाठी मला आणले होते. मी अर्ध्या वाटेत तासन्‌तास उभी असते. पुतुला वाटते, रस्ता खराब झाला असावा.

ज्या सज्जनांना जुन्या गाडीला मोठी टाकी बसवायची असेल, त्यांनी खुशाल बसवावी. आधी फक्त ती गाडी कुठे कुठे थांबते, तेवढे पाहून घ्यावे. का थांबते, ते मालकाला विचारू नये. तो पेट्रोल म्हणेल.