तालमीत न बोललेलं वाक्य

"मूकपट मेला! आजपासून मानवजात पडद्यावर बोलणार!" दिग्दर्शक क्रॅबट्री खुर्चीवर चढून गरजला, आणि उतरता उतरता म्हणाला, "आता सगळ्यांनी तोंडं मिटा. कुणी शिंकलं तर सरळ घरी."

स्टुडिओची दारं लागली, त्यांवर जाड गोधड्या सोडल्या गेल्या. पंखे बंद झाले, कारण माणसाच्या बोलण्यापेक्षा पंख्याची घरघर मायक्रोफोनला जास्त आवडायची. कॅमेरा आणि कॅमेरामन यांना एकाच काचेच्या कपाटात कोंडलं. दिव्यांच्या धगीत नाचणाऱ्या पोरींची पावडर गळ्यापर्यंत ओघळली.

मॉडी पेनरोज विंगेत उभी होती. म्हणजे विंगेच्या देखाव्यात. सारा जन्म खऱ्या विंगांत गेलेला असल्याने तिला ही फारच सोज्वळ वाटली. उंदरांचा वास म्हणून नव्हता. बोलपटाची गोष्ट नाटकमंडळींचीच होती: ऐन पहिल्या प्रयोगाला म्हाताऱ्या नर्तकीचा पाय मुरगळतो, कोवळी पोरगी तिच्या जागी नाचते आणि गाव जिंकते. मुरगळणारा पाय मॉडीचा. त्याचं चित्रण आधीच उरकलं होतं. तोंड दाखवायचं आणि उघडायचं ते आज, शेवटच्या प्रसंगात. वाक्य एकच, पण बोलपटातलं शेवटचं: "रडू नका रे. मला एक खुर्ची द्या."

त्या एका वाक्यावर मॉडीचा जीव टांगलेला होता. डेटन गावच्या थिएटरात ती वर्षानुवर्षं नाचली, कसरती शिकवलेले सील प्राणी आणि सुऱ्या फेकणारा यांच्या मधल्या वेळात. मग थिएटरने बोलपटाचं यंत्र बसवलं आणि सील, सुऱ्या, मॉडी, सगळ्यांना एकाच दिवशी निरोप दिला. आता त्याच थिएटरात, त्याच यंत्रातून, तिचा आवाज घुमणार होता. डेटनच्या मॅनेजरने पुढच्या रांगेत बसून तो ऐकावा, एवढीच तिची इच्छा.

ध्वनी सांभाळणारा थर्लो टेलिफोनच्या खात्यातून आलेला. तो आपल्या काचेच्या खोलीतून डोकावला. "बाई, वाक्य म्हणा. आवाज केवढा येतो ते बघून काटा लावतो."

"नाही म्हणणार."

"का हो?"

"शेवटचं वाक्य आहे ते. तालमीत उच्चारलं की खेळ बुडतो. टोलीडोला एका शहाण्याने उच्चारलं, पहिल्याच अंकात छप्पर गळायला लागलं."

"वाक्यामुळे?"

"वाक्याआधी गळत नव्हतं."

नायिका आयव्ही लॅम हसली. "मावशी, हे पिक्चर आहे, नाटक नाही."

"पिक्चर बुडत नाही वाटतं?"

"अगं बाई, दुसरं काहीतरी बोल, पण बोल!" क्रॅबट्री ओरडला.

"बटाटे, कांदे, अर्धा पाव लोणी," मॉडी पुटपुटली. थर्लोने बटाट्यांच्या बेताने काटा लावला.

चित्रण सुरू झालं. मॉडीने श्वास घेतला आणि रंगमंचावर जसं फेकतात तसंच वाक्य थेट माडीवरच्या शेवटच्या बाकावर फेकलं. काटा टोकाला जाऊन आपटला, थर्लोच्या खोलीत काहीतरी फुटलं, आणि ज्या मेणाच्या तबकडीवर आवाज कोरला जात होता ती वाया गेली.

"मॉडी! मायक्रोफोन त्या फुलदाणीत आहे, हातभरावर!"

"आणि प्रेक्षक?"

"प्रेक्षक डेटनला आहेत!"

"मग डेटनपर्यंत जायला नको?"

क्रॅबट्रीने डोळे मिटले. "बरं. आता वाक्य बाहेर पडलंच आहे, तर हळू आवाजात एक तालीम कर."

"बिघडलेला प्रयोग धरत नाहीत. म्हणजे पहिला अजून व्हायचाय," मॉडी म्हणाली आणि तिने ओठ घट्ट मिटले.

तेवढ्यात आयव्ही दातांत केसाची पिन धरून सहज म्हणाली, "मावशींना कुणीतरी खुर्ची द्या रे." थर्लोने काचेआडून अंगठा वर केला.

झालं. वाक्य आयव्हीकडे गेलं. मॉडीने नुसतं बसायचं. ती बसली, आणि पहिल्याच फटक्यात चित्रण पास झालं. "काय बसलीस!" असं म्हणून क्रॅबट्रीने तिची पाठसुद्धा थोपटली. सेटवरचे सगळे सँडविच खायला गेले.

मॉडी मात्र खुर्चीतच राहिली. आता बुडण्यासारखं काही उरलं नव्हतं. समोरच्या फुलदाणीकडे बघत, शेजारच्याला सांगावं तशी ती म्हणाली, "रडू नका रे. मला एक खुर्ची द्या."

काचेच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. कानांवरची यंत्रं गळ्यात लोंबत असलेला थर्लो दारात उभा होता. त्याचे डोळे ओले झाले होते. "बाई! हेच! अगदी असंच हवं होतं!"

मॉडी ताडकन उठली. "धरलंत?"

"छे हो. मेण केव्हाच गुंडाळून ठेवलं." थर्लोने रुमालाने आधी डोळे पुसले, मग मान. "उठलाच आहात, तर तेवढा पंखा लावा."