मोज्यातली घंटा

मिस्त्रींच्या घरात कुणी हळू बोललेलं शेजाऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं. खाली पत्र्याचं वर्कशॉप, वर दोन खोल्या. खाली मिस्त्री दिवसभर बादल्या, टाक्या आणि धुराडी ठोकायचे, आणि वर त्यांची बायको कानांनी अधू. जेवताना मिस्त्रींनी तिच्याकडे मीठ मागितलं की ते पलीकडच्या घरात ऐकू जायचं, आणि कधीकधी मीठ तिथूनच यायचं.

या बहिरेपणाचा खरा फायदा उचलला सासूबाईंनी. सुनेला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्या तिच्या समोरच बसायच्या आणि गालात साखर धरल्यासारखं हसत तिच्या माहेराचा उद्धार करायच्या. "हिचा भाऊ म्हणजे खायला काळ नि भुईला भार," असं म्हणत म्हणत तिलाच आग्रहाने भाजी वाढायच्या. सून मान डोलवायची. संसार सुखाचा चालला होता.

मग कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आतलं एक बारीक हाड आखडलंय, तिथे तार बसवली की काम होईल.

"तार कसली वापरताय?" मिस्त्री म्हणाले. "स्टीलचीच घ्या. बाकीच्या गंजतात."

डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं. बाहेरच्या बाकावर बसून मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं. आजवर मागायची सवय नव्हती, म्हणून ऑर्डर घेतात तसं बोलले. "तिला ऐकू येऊ दे. मी माझ्या हातची घंटा तुझ्या डोंगरावर पायी आणून बांधतो. पहिला ठोका तू ऐक, दुसरा तिला ऐकव. ठरलं?"

ठरलं असावं. आधी एका कानाला ऐकू आलं, काही महिन्यांनी दुसऱ्याला. पहिली पट्टी निघाली तेव्हा मिस्त्रींनी सवयीने विचारलं, "ऐकू येतंय का?" आणि बायको दचकून म्हणाली, "अहो, ओरडताय काय! आग लागलीय का कुठे?"

मिस्त्री तिथेच रडले. सासूबाईही रडल्या, पण त्यांच्या रडण्यात थोडा हिशेबही होता. आता बोलायचं कुठे? तेव्हापासून त्या सुनेबद्दल बोलायला गच्चीत जायला लागल्या, आणि तिथेही खालून उत्तर यायचं, "ऐकलं हं, आई!"

घंटेचं कळल्यावर सासूबाईंनी एक नियम काढला. देवाच्या दाराआधी घंटा वाजायची नाही. देवाआधी माणसाने ऐकली तर दिलेलं परत जातं. हा नियम त्यांना कुणी सांगितला हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. मिस्त्रींनी मान डोलवली, आणि त्या क्षणापासून त्यांची झोप उडाली.

कारण घंटा म्हणजे ओतकाम. मिस्त्री पडले पत्र्याचे माणूस. त्यांनी पितळी पत्रा कापला, गोल वळवला, जोड डाग देऊन सांधला, कडा मुडपली. दिसायला घंटा झाली. पण हात जन्मभर बादलीला सरावलेले. वाजेल कशी? वाजवून बघायची तर सोय नाही. देवासमोर पहिला ठोका पडला आणि नळाखाली बादली सरकवल्यासारखा आवाज आला तर? त्यांनी आत लोलक बांधला आणि त्यावर एक कोरा मोजा घट्ट चढवला. मोजा मेहुण्याने दिला. तो चपलांच्या दुकानात विक्रेता होता.

एका धुकट सकाळी चौघं डोंगर चढायला लागली. सासूबाई काठी टेकत, बायको मोकळ्या हाताने आणि कान टवकारून, मिस्त्री पाठीवरच्या पिशवीत घंटा घेऊन, आणि मेहुणा नव्या कोऱ्या बुटांत, बिनमोज्याचा.

"मोजे कुठायत रे तुझे?" बहिणीने विचारलं.

"ताई, आता अशीच पद्धत आहे. बूट घोट्यापर्यंत दिसला पाहिजे."

"आणि घोटा?"

"तो सहन करतो."

बायकोला मात्र दर वळणावर थांबायचं होतं. "अहो, ते काय वाजतंय?" "वारा." "आणि हे?" "तोही वाराच, पण झाडातला." "निराळा वाजतो की!" मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात असे दोन वारे ऐकले नव्हते. तेही थांबून ऐकायला लागले. सासूबाई मागून पुटपुटल्या, "या वेगाने गेलो तर देवच उतरून भेटायला येईल."

"ऐकलं हं, आई."

अर्ध्या वाटेवर चढ अंगावर आला आणि सासूबाईंना धाप लागली. मिस्त्रींनी त्यांचा दंड धरला, पिशवी मेहुण्याकडे दिली आणि बजावलं, "जिवापेक्षा जप. मोजा हलला नाही पाहिजे."

"दाजी, मी रोज लोकांच्या पायांना जपतो. ही तर घंटा आहे."

पुढे गेलेल्यांना मागचं दिसलं नाही. मागे घडलं ते असं. दिवसभर दुसऱ्यांना "वापरून सैल होतील हो" म्हणणाऱ्या माणसाच्या टाचेला फोड आला. तो लंगडला, बसला आणि पिशवीत डोकावला. आत एक मऊ, कोरा, त्याच्याच दुकानातला मोजा. त्याने विचार केला की लोलक हाताने धरून चालता येईल. टाच काही हाताने धरून चालता येत नाही. त्याने मोजा काढून पायात चढवला, आणि वर बूट चढवायला दोन्ही हात लागतात म्हणून घंटा क्षणभर शेजारी ठेवली.

घंटा गोल होती. डोंगर उतरता होता.

पहिला आवाज आला तेव्हा मिस्त्री गर्रकन मागे वळले. "ठण्ण!" मग पुन्हा. मग दगडावरून दगडावर, धुक्यात, खाली खाली. वर चढणाऱ्यांनी आहे तिथे हात जोडले. एका बाईंना वाटलं आरती सुरू झाली, त्या धावायला लागल्या. दर्शन घेऊन उतरणारे एक आजोबा "आपलं काही राहिलं वाटतं" म्हणत मागे फिरले. मेहुणा एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून उभा होता आणि म्हणत होता, "काही नाही, काही नाही, आणतो."

देवाने ऐकायच्या आधी अख्ख्या डोंगराने ऐकलं होतं. मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. ती डोळे मिटून, एका कानामागे हात धरून, दगडासारखी उभी होती.

"अगं! ऐकू येतंय का? अगं!"

ती बोलली नाही. गेलं. दिलेलं परत गेलं. नियम सासूबाईंचा होता, आणि तो खरा ठरेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या सुनेच्या पाठीशी गेल्या आणि जमेल तितक्या हळू पुटपुटल्या, "हिच्या भावाला काडीची अक्कल नाही."

"त्याचं नंतर बघू, आई," सून डोळे न उघडता म्हणाली. "आधी सगळे गप्प बसा बघू!"

सासूबाई मटकन खालीच बसल्या. "येतंय रे बाबा," त्या पदरात तोंड खुपसून म्हणाल्या, "येतंय ऐकू! माझ्यावर खेकसली!" सुनेने खेकसल्याचा एवढा आनंद कुठल्याच सासूला आजवर झाला नसेल.

तोवर गर्दी जमली होती आणि प्रत्येकाने घंटा स्वतःच्या डोळ्यांनी वेगळ्या दिशेला जाताना पाहिली होती. धुक्यात हात दिसत नव्हता, पण घंटा सगळ्यांना दिसली होती. बायकोने कुणाचंच ऐकलं नाही. "दगडावर गेली, मग गवतात," ती स्वतःशीच बोलत होती, "मग पडली कुठेतरी... थांबा. हे पाणी बघा."

"कुठलं पाणी?"

"खाली झरा आहे ना, मघाशी आपण ओलांडला तो. तेव्हा दगडावर पडत होता. आता बादलीत पडतोय."

मिस्त्रींनी कान दिला. खरंच. टप टप नाही, टण टण. पत्र्याच्या तळाला धार लागते तेव्हाचा आवाज. जन्मभर हाच आवाज त्यांनी विकला होता, आणि तो त्यांना ऐकू आला नव्हता. तिला आला.

ती पुढे आणि ते मागे असे उतरले. झऱ्याच्या तोंडाशी दोन खडकांच्या मध्ये घंटा उपडी अडकली होती, पाणी तिच्या पाठीवर वाजत होतं. एका बाजूला चांगला पोचा आला होता. मिस्त्रींनी ती सदऱ्याने पुसली आणि बघत राहिले.

"नवस फुकट गेला गं," ते म्हणाले. "आणि वरून बादली."

तिने घंटा त्यांच्या हातातून घेतली आणि चढायला लागली. या वेळी लोलकावर कुणी मोजा चढवला नाही. दर पावलाला घंटा वाजत होती, आणि मागून मेहुणा मोजा हातात घेऊन "दाजी, हा परत घालू का?" विचारत लंगडत होता.

देवळाच्या दाराशी मिस्त्री अडले. "आई, आता बांधायची का? पहिला ठोका तर..."

सासूबाईंनी नाक उडवलं. "कुणी सांगितलं दार इथे आहे म्हणून? डोंगर कुणाचा? देवाचा. मग पहिल्या पायरीपासून त्याचं घरच झालं. त्याने सगळ्यात आधी ऐकली."

"पण तूच म्हणालीस की—"

"मी म्हटलं होतं दाराआधी. दार कुठलं, हे तू विचारलंस?"

पुजाऱ्याने साखळी दिली. मिस्त्रींनी घंटा बांधली, मागे सरकले आणि बायकोला पुढे केलं. तिने हात वर करून टोला दिला. आवाज आला. सुरुवात घंटेची होती, शेवट स्पष्ट बादलीचा. शेजारच्या ओतीव घंटा जणू माना वळवून बघायला लागल्या. मिस्त्रींचे कान लाल झाले.

"कशी?" त्यांनी विचारलं.

"बादलीच आहे."

"हो ना."

"अहो, इतकी वर्षं तुम्ही खाली ठोकायचात, तेव्हा जमिनीतून माझ्या तळपायांना लागायचं. मला वाटायचं, कसा असेल हा आवाज?" तिने पुन्हा एक टोला दिला. "असा आहे होय!"

मग ती वाजवतच राहिली. पुजारी दोनदा खाकरला. मागे रांग खोळंबली. मिस्त्री देवापुढे हात जोडून उभे होते आणि काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं, कारण ऑर्डर पोचल्यावर गिऱ्हाइकाचे आभार कसे मानायचे हे त्यांना ठाऊक होतं, पण इथे गिऱ्हाईक कोण हेच कळेना. शेवटी बायकोची पाठ होती तिकडे बघून, ओठांतल्या ओठांत, घरात कधी कुणी बोललं नसेल इतक्या हळू ते म्हणाले, "उपकार झाले."

"ऐकलं हं," बायको म्हणाली, आणि आणखी एक टोला दिला.