वेंडेलचं नाव

आमच्या मार्लो बेंडमध्ये कंपनीवर खटला भरायला कुणी लाजत नाही. कंपनी न्यू यॉर्कची, तिचं तोंड कुणी पाहिलंय? पण रविवारी ज्याच्याबरोबर चर्चमध्ये बसायचं, त्याला कोर्टात ओढायचं नाही, हा आमचा धर्म. या धर्मापायी माझा नवरा क्लाइड हकनाक गेला.

क्लाइड कंपनीच्या इथल्या कारखान्यात पाइपांसाठी ॲस्बेस्टॉसची वेष्टणं करायचा. त्या धुळीने त्याची छाती धरली तेव्हा आमची वकील पेट्राकिस म्हणाली, "खटल्यात कारखान्याचा मॅनेजर वेंडेल रग्झचंही नाव घाला. तो इथला, तुम्हीही इथलेच, म्हणजे खटला आपल्या राज्याच्या कोर्टात राहील. नुसत्या बाहेरच्या कंपनीचं नाव घातलंत, तर ते तुम्हाला केंद्राच्या फेडरल कोर्टात ओढून नेतील."

"वेंडेलने माझं काय घोडं मारलंय?" क्लाइड म्हणाला. "आमच्या पोरीच्या लग्नात व्हायोलिन वाजवलंय त्याने."

झालं. खटला शेकडो मैल दूर फेडरल कोर्टात गेला आणि हजारो खटल्यांच्या ढिगात कुजत पडला. वाट बघत क्लाइड मेला. त्याला पुरताना चार गोड शब्द वेंडेलच बोलला.

मग माझ्या छातीत पाणी झालं. मी तर कारखान्यात पाऊलही टाकलं नव्हतं. नवऱ्याचे धुळीने भरलेले कामाचे कपडे पोर्चवर झटकायचे आणि धुवायचे, एवढाच माझा गुन्हा.

"पोरी," मी पेट्राकिसला म्हटलं, "माझ्या खटल्यात वेंडेलचं नाव पहिलं घाल."

त्यातच वॉशिंग्टनमध्ये नवा कायदा शिजत होता. राज्यांच्या कोर्टांतले असले सगळे खटले बंद, आजाऱ्यांना एका राष्ट्रीय निधीतून भरपाई. ज्युरी आधीच बसलेली असेल तेवढेच खटले वाचणार. म्हणे आमच्या भल्यासाठी. चेक घरपोच येणार आणि कुणाला कुणासमोर उभं राहावं लागणार नाही. मला तर वेंडेलच उभा हवा होता, आमच्या गावासमोर, माझ्या डोळ्यांदेखत.

त्याची बायको ओपल मक्याचा पाव घेऊन आली. "लोरीन, त्या निधीतून तुला मिळेलच की गं. माझ्या म्हाताऱ्याला कशाला चव्हाट्यावर आणतेस?"

"क्लाइडलाही तो चव्हाट्यावर आणायचा नव्हता. क्लाइड कुठे आहे, जाऊन बघ."

पाव मी कुत्र्याला घातला. त्याला आवडला.

कंपनीने खटला फेडरल कोर्टात पळवायचा प्रयत्न केलाच. फेडरल न्यायाधीशाने वेंडेलचं नाव वाचलं आणि खटला परत पाठवला. वॉशिंग्टनचा कायदा मंजूर व्हायच्या आत आमच्या काउंटी कोर्टात ज्युरीने शपथ घेतली. त्या दिवशी मी धापा टाकत हसले.

वेंडेल साक्षीला उभा राहिला तेव्हा खोली भरली होती. ओपलच्या बाकावर चर्चमधल्या बायका होत्या, बहुतेकजणी कारखान्यातल्या कामगारांच्या विधवा.

"तुमचे कारखान्यातले कपडे घरी कोण धुवायचं?" पेट्राकिसने विचारलं.

"घरी नाही. ऑफिसवाल्यांचे कपडे कारखान्यातच धुतले जायचे."

"का?"

"कंपनीच्या डॉक्टरने सांगितलं होतं. धूळ घरी न्यायची नाही."

"कामगारांना सांगितलंत?"

"नाही. सांगितलं असतं तर काम सोडून गेले असते."

"सांगायचं नाही, हे कुणी ठरवलं?"

कंपनीचा वकील हरकत घ्यायला उठला. न्यायाधीशांनी त्याला बसवलं.

"मी," वेंडेल म्हणाला.

ओपलच्या बाकावरच्या बायका एकेक करून उठल्या आणि माझ्या बाजूला येऊन बसल्या. ओपल तिथे एकटी उरली. मला तिची दया आली नाही. आत कुठेतरी गार वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

वेंडेल माझ्याकडे वळला. "लोरीन, मला माफ कर."

"माझ्याशी कशाला बोलतोस?" मी बसल्या जागेवरून म्हणाले. "ज्युरीकडे बघून बोल."