मास्तरांच्या मापाचं कापड

घडी उलगडून मास्तरांनी कापडाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मध्येच ते थांबले. एका जागी कात्री घसरून कड तिरकी गेली होती. शिंप्याला आपल्या हातची चूक अंधारातही ओळखू येते. ही चूक त्यांचीच होती, आणि कापडही त्यांचंच.

समोर फळीवर कुलूपवाला आंघोळ होऊन शांत पडला होता. सकाळी दुकानाचं शटर वर करता करता तो खाली बसला तो बसलाच. मशिदीमागच्या त्या लहानशा खोलीत मास्तर, मौलवीसाहेब आणि कुलूपवाल्याचा मेहुणा, असे तिघेच होते.

"हे कापड कुठून आणलंस?" मास्तरांनी मेहुण्याला विचारलं.

"तुमच्या घरून. आज बाजार बंद, सगळीकडे फिरून आलो. शेवटी भाभींनी दिलं. म्हणाल्या, घेऊन जा, मास्तर नाही म्हणायचे नाहीत."

मौलवीसाहेबांनी मयताच्या कपाळाला कापूर चोळला आणि तिघांनी मिळून कुलूपवाल्याला त्या तीन तुकड्यांत गुंडाळलं. मास्तर चांगले उंच, कुलूपवाला त्यांच्या खांद्यालाही लागत नसे. पायाशी कापड इतकं उरलं की ते दुमडून आत घ्यावं लागलं.

"मास्तर, माप चुकलं वाटतं तुमचं," मेहुणा रडवेल्या आवाजात म्हणाला.

माप बरोबर होतं, माणूस बदलला होता. पण हे बोलण्याची ती जागा नव्हती, म्हणून मास्तरांनी पायाकडची गाठ गुपचूप आवळली.

ते कापड मास्तर आणि त्यांच्या बायकोनं हजहून आणलं होतं. दोघांची दोन कफनं तिथल्या पवित्र जमजम विहिरीच्या पाण्यात भिजवली, खोलीत दोरी बांधून वाळवली आणि घरी आणून कपाटात ठेवून दिली. तेव्हापासून बायकोला सगळे हज्जन म्हणू लागले. मास्तरांचं नाव पडलं मुसाफिर मास्तर, कारण गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप लावला की ते हमखास सुरू व्हायचे. दुनियेत परक्यासारखं राहावं, वाटेवरच्या मुसाफिरासारखं, असं आपल्या पैगंबरांनी सांगितलंय. झाडाखाली घटकाभर बसायचं आणि उठायचं. गिऱ्हाइकं हसून म्हणत, मास्तर, उठायच्या आधी आमची पँट तेवढी द्या. मास्तरही हसत. माझं सामान बांधून तयार आहे, असं ते शेवटी सांगत, आणि ते सांगताना त्यांची मान जरा ताठ होत असे. घर मुलाच्या नावावर केलं होतं, घड्याळ कधीच देऊन टाकलं होतं. माझं म्हणावं अशी एकच वस्तू त्यांनी राखली होती. ती आता मातीखाली जाणार होती, दुसऱ्याच्या अंगावर.

दफन उरकून परतताना ते मौलवीसाहेबांच्या बरोबरीनं चालू लागले. संताप होत होता आणि संतापाची लाजही वाटत होती. सबंध आयुष्य लोकांना शहाणपण शिकवलं आणि आता चार हात कापडावरून घोडं अडलं होतं. बरं, ते कापडसुद्धा कबरीतलं. कबरीतल्या वस्तूचा लोभ हा दुनियेचा लोभ की मरणानंतरच्या आखिरतचा? विचार करकरून डोक्याचा पार गुंता झाला होता.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "माझ्या ओळखीतला एक माणूस आहे. त्यानं स्वतःचं कफन जपून ठेवलं होतं. ते घरच्यांनी दुसऱ्याला देऊन टाकलं. त्याला फार लागलंय."

"उंच आहे का तो माणूस?" मौलवीसाहेबांनी विचारलं.

मास्तर पायाखालच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"त्याला सांगा, पैगंबरांच्या मागून आलेल्या पहिल्या खलिफांनी जाताना आपल्या अंगावरचंच जुनं वस्त्र कफनात घ्यायला सांगितलं होतं. नवं कापड जिवंत माणसाला जास्त लागतं, म्हणाले."

"ते ठीक आहे हो. पण कफन जपणं ही दुनियेची ओढ झाली का?"

"ते मी कसं सांगू? तो घरी जाऊन बायकोशी भांडणार असेल तर झाली."

मौलवीसाहेब आपल्या गल्लीत वळले. मास्तर कोपऱ्यावर उगाचच थोडा वेळ उभे राहिले. मग घरी जाऊन भांडायचं ठरवूनच ते निघाले.

हज्जन नुकतीच कुलूपवाल्याच्या बायकोजवळ बसून आली होती. डोळे सुजलेले होते. पाण्याचा पेला तिनं त्यांच्या हातात दिला.

"माझं कापड दिलंस," मास्तर म्हणाले.

"दिलं."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही त्याला आंघोळ घालायला गेला होता. तुमच्या होकारासाठी मयत थांबवायचं का?"

"तुझंही होतं की कपाटात. ते द्यायचं."

"तेही देता आलं असतं." तिनं पदर उगाच सारखा केला. "पण तुमचंच दिलं."

"का?"

ती खाटेच्या कडेवर बसली. बोलावं की नाही, असं तिचं चाललं होतं. मास्तर पेला हातात धरून उभेच राहिले.

"रोज सकाळी तुमचा सदरा काढायला कपाटात हात घालते," ती म्हणाली. "सदऱ्याच्या खाली ते असायचं. रोज हाताला लागायचं. माझं वरच्या फळीवर आहे, त्याचं मला काही वाटत नाही. तुमचं माझ्याच्यानं बघवत नव्हतं."

"मग मला सांगायचं."

"काय सांगू? तुम्ही म्हणणार, हज्जन झालीस आणि दुनियेला चिकटून बसलीस. सगळ्या गल्लीला तुम्ही तेच सांगता."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. पेला त्यांनी खिडकीत ठेवला.

"आज तो मेहुणा दारात येऊन कापड मागायला लागला," ती पुढे म्हणाली, "आणि खरं सांगते, गेलेल्या माणसाचं वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. सुटले म्हटलं. धावत जाऊन काढून दिलं. आता त्याच्या बायकोजवळ बसले होते तर वर मान करवत नव्हती. ती माझा हात धरून म्हणते, तुमचे उपकार कसे फेडू."

"अगं, पण आपण सगळे..."

"मुसाफिर आहोत. माहीत आहे." ती थकून म्हणाली. "एकट्या मुसाफिराचं ठीक असतं. दोघं एका झाडाखाली बसले की उठताना जीव जातो, त्याला मी काय करू?"

एवढ्या वर्षांत शिलाईच्या मशीनवर बसून जमवलेली सगळी उत्तरं मास्तरांनी मनातल्या मनात चाचपून पाहिली. त्यातलं एकही इथे बसेना. भांडण कुठून सुरू करायचं होतं तेही आता आठवत नव्हतं. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी कपाट उघडलं. आपले सदरे कुठल्या खणात असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. वरच्या फळीवर फुलाफुलांच्या रुमालात बांधलेलं एक गाठोडं होतं. किती लहान दिसत होतं ते. ते कापडही त्यांनीच कापलं होतं, तिचं माप मनात धरून, आणि तेव्हा त्यांना काहीसुद्धा वाटलं नव्हतं.

त्यांनी हात वर नेला, पण गाठोड्याला लावला नाही. मास्तरांना भीती वाटली. स्वतःच्या मरणाची कधी वाटली नव्हती, म्हणून ही भीती आहे हे कळायलाही त्यांना वेळ लागला.

"काय शोधताय?" हज्जननं मागून विचारलं.

"काही नाही." त्यांनी दार लावलं.

"उद्या बाजार उघडेल. तुम्हाला दुसरं आणायचं असेल तर आणा. मी काही म्हणणार नाही."

"बघू. घाई काय आहे?" मास्तर म्हणाले. हे शब्द आपल्याच तोंडून आले यावर त्यांचा विश्वास बसेना.

तेवढ्यात सूर्य मावळला आणि मगरिबची अजान झाली. आज ते मशिदीकडे गेले नाहीत. त्यांनी हातपाय-तोंड धुऊन वजू केली, खिडकीजवळ चटई अंथरली आणि घरातच नमाज पढली. रोज नमाजनंतर ते एकच दुआ मागत असत, या अल्लाह, माझ्या मनातून दुनियेची ओढ काढून टाक. इतकी सवयीची होती ती, की ओठ आपोआप हलायचे. आज हात वर केले आणि ओठ मिटलेलेच राहिले. आत हज्जन भांडी लावत होती. एक ताट तिच्या हातून निसटून पडलं, तिनं ते उचललं आणि पुन्हा कामाला लागली. मास्तर तो आवाज कान देऊन ऐकत होते.

"या अल्लाह," ते अगदी हळू म्हणाले, "थोडी राहू दे."