घंटेत कोंबलेला कापूस

मित्रांनो, नुसते बघून माझे काम ओळखू येणार नाही. मी पायाची सूज उतरवणारा हवेचा पंप आहे. साठ सालच्या सुमारास बेंगळुरातल्या एका दवाखान्यात आलो. रोगी रबरी बुटात पाय घालायचा. मी बुटात हवा भरून पाय दाबायचो, मग ती परत ओढून घ्यायचो. काही बिघडले की माझी घंटा वाजे. हवा गळली तरी तीच घंटा, हवा अडकली तरी तीच. दुसरा आवाज मला दिलाच नव्हता.

आनेकलच्या अंबुबाई हत्तीरोगाने सुजलेला पाय घेऊन आल्या. "लेकीच्या लग्नात मांडवात उभं राहता आलं पाहिजे," एवढेच त्यांनी नर्स कौशल्याला सांगितले.

बुटाला बारीक भोक होते, म्हणून मी सारखा वाजू लागलो. वॉर्डबॉय पिराजी मला थापट्या मारी. "सुम्मने, उगाचच ओरडतंय हे," म्हणत एके दिवशी त्याने घंटेत कापूस कोंबला. "आता कसं शांत चालतंय," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. माझा नुसता जळफळाट झाला.

एका दुपारी फरशी पुसताना खाट सरकवली आणि तिचा पाय माझ्या नळीवर आला. बुटात भरलेली हवा परत येईना. मी जिवाच्या आकांताने वाजत होतो, पण कापसातून नुसती घरघर निघत होती. गोळ्या वाटत आलेल्या कौशल्याला अंबुबाईंचा चेहरा दिसला.

"अक्का, काय होतंय?"

"पाय बधिर झालाय. पण औषध म्हटल्यावर स्वल्प सोसायला नको का?"

कौशल्याने झटकन बूट सोडला. पाय काळानिळा पडला होता. तो चोळून त्याला ऊब आल्यावर तिने नळी हाताने चाचपत नेली, पिराजीला खाट उचलायला लावली आणि घंटेतला कापूस उपसून काढला.

"पिराजी, घंटा वाजली की आधी पाय मोकळा करायचा. मग नळी बघायची. ती नीट असेल तर बुटाला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतील तिथं भोक."

"सरी, बरं अक्का. पण घंटेचा सगळ्यांना त्रास होतो."

"व्हायलाच हवा," कौशल्या म्हणाली.

बुटाला ठिगळ लागले. सूज हळूहळू उतरली आणि लग्नात अंबुबाई काठी टेकून का होईना, मांडवात उभ्या राहिल्या. पुढे कौशल्याची बदली झाली. नव्या लोकांनी माझ्या घंटेची तारच कापली. आता मी मुकाट चालतो आणि सगळे मला गुणी म्हणतात. मित्रांनो, ओरडणाऱ्या यंत्रावर खुशाल चिडा. पण त्याला गप्प करण्याआधी खाटेवरच्या माणसाकडे एकदा बघा.