लोलकावरचा रुमाल

"काळू, जीप मागं घे!"

"तू घे की, फर्डिनंड! सहावीत दोन वर्सं मागंच ऱ्हायलेला तू. तुला सवय हाय!"

दोन्ही मिरवणुकींत हशा पिकला. जीप मात्र एकही हलली नाही. पापडी गावाबाहेर, खाडीच्या नाल्यावरच्या अरुंद मोरीवर निवडणुकीच्या दोन मिरवणुका समोरासमोर आल्या होत्या, आणि जो मागे हटेल तो मतदानाआधीच हरला, असे फर्डिनंड आणि काळूराम या दोन्ही उमेदवारांनी मनाशी ठरवले होते. फर्डिनंडच्या मागे बैलगाड्या, केळ्यांचा ट्रक, एस.टी. आणि सर्वांत शेवटी जयरामचा टांगा.

टांग्यात तरुण फादर रॉबर्ट बसले होते. त्यांच्या छातीशी, रेशमी पिशवीत, मरणोन्मुखाला द्यायचा पवित्र प्रसाद होता. शेजारी बर्नार्ड. चाळीस वर्षे चर्चच्या घंटेचा दोर ओढून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली आला होता. मरणोन्मुख होती ती त्याचीच थोरली बहीण, सालोमी. प्रसाद घेतल्यावाचून तिला जायचे नव्हते, आणि तिचे घर मोरीच्या पलीकडे होते.

मोरी अरुंद का राहिली, हे काही गूढ नव्हे. रुंदीकरणाची खडी नऊ वर्षांपूर्वीच येऊन पडली होती. वाद एवढाच की कोनशिलेवर कोणत्या पक्षाचे नाव आधी यावे. पंचायतीचे सहा सदस्य इकडे, सहा तिकडे. तेरावे मत ज्यांचे, त्या सरपंचांना नेमका सभेच्या दिवशी ताप येई. खडीवर गवत उगवले, त्या गवतावर शेळ्यांच्या पिढ्या वाढल्या. कोंडी रस्त्यावर जन्मते, हा समज चुकीचा आहे. ती सभेत जन्मते. रस्त्यावर केवळ वयात येते.

ऊन कलले. खाडीला भरती लागली. मिठागरांवरची हवा अशी थरथरू लागली की झेंडे, बैल, माणसे सारी पाण्याखाली उभी आहेत असे बर्नार्डला वाटले. आणि फार वरून, काठावरून, लहानपणची, परकरातली सालोमी त्याला जेवायला हाक मारते आहे.

"वाट द्या रे! मानूस मरतंय!" जयराम ओरडला.

"आमीबी मरतोय उनात!" कोणीतरी उत्तरले.

"बर्नार्डबाबा," फादर हलकेच म्हणाले, "घंटा आणलीत का?"

प्रसाद नेताना पुढे घंटा वाजवायची आणि ऐकणाऱ्याने गुडघे टेकायचे, ही प्रथा आता जुनी झाली, असे गेल्या वर्षी फादरच म्हणाले होते. बर्नार्डने ती आठवण करून दिली नाही. त्याने झोळीतून पितळी हातघंटा काढली. बरोबर प्रसाद नसताना ती चुकूनही वाजू नये, म्हणून तिच्या लोलकाला रुमाल गुंडाळलेला असे. तो त्याने सोडला.

घंटा वाजली.

प्रथम पाचूबंदरची एक म्हातारी टोपली बाजूला ठेवून गुडघ्यावर आली. मग ट्रकवाला उतरला. इंजिने बंद झाली. काळूरामने टोपी काढली. फर्डिनंड आपल्याच जीपपुढे धुळीत टेकला. गर्दीत एका माणसापुरती वाट पडली. पुढे बर्नार्ड, मागे फादर. मोरीखालून जाणारे पाणी स्पष्ट ऐकू येत होते.

"तुजीच घंटी ना रे?" सालोमीने डोळे न उघडता विचारले.

"व्हय, बाय."

"उशीर केलास."

"रस्त्यात मानसं व्हती."

तिने प्रसाद घेतला, घोटभर पाणी घेतले, आणि पेला खाली ठेवेपर्यंत ती गेली होती.

फादर घरच्यांपाशी प्रार्थनेला थांबले. बर्नार्डला सायंप्रार्थनेआधी चर्चमध्ये पोचून तिच्या नावाची मृत्युघंटा द्यायची होती. तो मोरीवर आला. वाट मिटली होती. जीप पूर्वीसारख्याच नाकाला नाक लावून उभ्या होत्या. "जरा जाऊ द्या," तो दोनदा म्हणाला. कोणी ऐकले नाही.

फर्डिनंडने मात्र त्याला पाहिले. गर्दीतून वाट काढत तो जवळ आला आणि कानाशी कुजबुजला, "बाबा, वाजवा ना परत! घंटीला मान म्हनून दोघंबी मागं घेतो. काळूपन तयार हाय. कोनाचं नाक कापायचं नाय, आनि तुमीबी सुटाल."

बर्नार्डने झोळीवर हात ठेवला. लोलकाला रुमाल पुन्हा गुंडाळला होता.

"आता नाय वाजवायची."

"का?"

"संगती कोन नाय आता."

तो रस्त्याकडेच्या खडीवर, गवतात जाऊन बसला. भरती मोरीच्या तोंडाशी आली होती. प्रचाराचे भोंगे पुन्हा सुरू झाले. आणि त्या कल्लोळात बर्नार्डचा उजवा हात, त्याच्या नकळत, सावकाश खाली येत होता, थांबत होता, आणि पुन्हा वर जात होता.