गुडघा वाकवणारा बाहुला

सासूबाईंनी फोन द्यायला साफ नकार दिला. "ऑफिसात फोन नेणार असशील तर मलाही ने. बाराला नंबर उघडतात, तेव्हा तो माझ्या हातात हवा."

गुडघ्याच्या व्यायामासाठी जवळच्या दवाखान्यात जागा मिळावी म्हणून त्या दर सोमवारी बाराच्या ठोक्याला वेबसाइट उघडून बसत. ती उघडेपर्यंत जागा संपलेल्या असत. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता आणखी लांबवलं तर गुडघा असाच आखडून राहील. आणि वेबसाइट बनवलेली कुणी, तर सुनेच्याच ऑफिसने. "मी माझ्या कॉम्प्युटरवरून नंबर लावते ना," असं सून म्हणाली की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "बाकीच्यांच्या सुना तिथं कामाला नाहीत. त्यांनी काय करायचं?"

हे बोलणं सुनेच्या मनाला लागून राहिलं होतं. म्हणून पान त्यांच्याच फोनवर का रखडतं ते शोधायला या सोमवारी सकाळी सासूबाई, त्यांचा म्हातारा फोन आणि सून अशी वरात ऑफिसात पोचली.

तिथल्या साहेबांना सगळे 'घाईसाहेब' म्हणत. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाय टेकवायला स्टूल सरकवलं. "काकू, आमच्याकडे तर पापणी लवायच्या आत उघडतं."

"तुमच्याकडे उघडून माझा गुडघा वाकणार आहे का?"

सुनेनं फोन वायरने कॉम्प्युटरला जोडला. आजवर सगळं अंदाजपंचे चाललं होतं. कुणी म्हणे फोटो जड आहेत, कुणी म्हणे नेट वाईट. फोटो लहान करून झाले, फरक शून्य. आज तिनं फोनच्या पोटात क्षणाक्षणाला काय चाललंय ते टिपणारं टूल सुरू केलं.

"उघडा, आई."

सासूबाईंनी बोट टेकवलं. "हं, आला तो."

"कोण आला?"

"गुडघा वाकवणारा. आधी तो मनसोक्त उठाबशा काढतो, मग जागांची यादी येते. नेहमीचाच आहे."

सून घाईसाहेबांकडे बघू लागली, घाईसाहेब सुनेकडे. कोपऱ्यातला चित्रकार मात्र उठूनच उभा राहिला. "तुम्हाला तो दिसतो?"

थांबणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून हा हलता बाहुला त्यानंच काढला होता. पण ऑफिसातल्या दमदार कॉम्प्युटरांवर यादी इतकी झटकन यायची, की बिचाऱ्याला पडद्यावर यायला सवडच मिळत नसे. सगळे त्याला विसरूनही गेले होते.

कशाला किती वेळ गेला ते दाखवणारा टूलचा पट्टा सुनेनं मोठा करून पाहिला. जवळजवळ सगळा पट्टा बाहुल्यानं खाल्ला होता. यादीच्या वाट्याला शेवटची बोटभर जागा.

"यादी केव्हाची दारात उभी आहे," ती म्हणाली. "फोनला हा बाहुला नाचवण्यातूनच फुरसत नाही."

"रोगापेक्षा औषध भारी," घाईसाहेब पुटपुटले.

चित्रकारानं एक सुस्कारा सोडला. "काढून टाक त्याला."

सुनेनं बाहुला काढून टाकला. साडेअकरा वाजून गेले होते. "सगळ्यांसाठी सुरू कर लगेच," घाईसाहेब म्हणाले.

"नाही. आधी चाचणीचं पान याच फोनवर बघायचं." तिचा आवाज हळू होता, पण हलणारा नव्हता.

बरं झालं ऐकलं. यादी क्षणात आली खरी, पण नंबर लावायचं बटण काही केल्या दबेना. बाहुल्याचा व्यायाम संपल्याशिवाय जागं व्हायचं नाही, असं त्या बटणाला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. आता बाहुलाच नाही, तर बटण जागं होणार कसं? सुनेची बोटं भराभर चालू लागली. चित्रकार तिच्या खांद्यावरून वाचत होता, घाईसाहेब घड्याळाकडे बघत होते. पुन्हा तपासलं. बटण दबलं. बाराला थोडाच अवकाश असताना नवं पान सगळ्यांसाठी सुरू झालं.

बारा वाजले. सासूबाईंनी चष्मा सावरला, बोट टेकवलं. यादी समोर हजर. जवळच्या दवाखान्यातली सकाळची जागा, आणि पुन्हा एकदा बोट.

"लागला," त्या म्हणाल्या. सुनेनं मागून त्यांच्या गळ्यात हातच टाकले.

"काकू, हा फोन आम्हाला देऊन टाका," घाईसाहेब म्हणाले. "यापुढे कुठलाही बदल आधी यावर तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही."

"तुमचा तुम्ही एखादा जुना शोधा. हा माझा आहे."

चित्रकारानं चाचरत विचारलं, "बाहुला गेला तर चुकल्यासारखं नाही ना वाटत?"

"छे रे. व्यायाम करकरून बरा झाला असेल तो, गेला आपल्या घरी." सासूबाईंनी स्टुलावरचा पाय हळूच खाली घेतला आणि सुनेचा हात धरला. "आता माझी पाळी."